जगतारचा नॉर्मल रिपोर्ट

“घरात पुरुष किती? वयं काय? सध्या कुठं असतात?” एवढं विचारून मी पेन उघडलं, तर समोरची बाई स्टुलावरून ताडकन उठली.

“ऐह हस्पताल है के थाणा?” हे इस्पितळ आहे की पोलीस ठाणं?

मी चिडले. सांगलीचं तोंड माझं, चंदीगडला येऊन ते काही गोड झालं नव्हतं. पण बाईचा चेहरा बघितला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटची पंजाबातली ती वर्षंच तशी होती, एकीकडं अतिरेकी, दुसरीकडं पोलीस. एका बाजूची माणसं दार वाजवून हेच विचारायची, ती गेली की दुसऱ्या बाजूची येऊन हेच विचारायची. तरुण मुलगा कुठं आहे याचं खरं उत्तर कुणालाही द्यायचं नाही, हे तिकडच्या प्रत्येक आईनं शिकून घेतलं होतं. आणि आमचा फॅमिली हिस्टरीचा फॉर्म नेमका तिथूनच सुरू व्हायचा.

मी हृदयविभागात रिसर्च ऑफिसर होते. काम सांगायला सोपं. ऐन तरुणपणी हार्ट अटॅक आलेला पेशंट आला की त्याचं सगळं घराणं कागदावर मांडायचं. पुरुष चौकोन, बाई गोल, आजारी असेल तर आतून काळा, गेलेला असेल तर वरून तिरकी रेघ. मग जिवंत असतील त्या सगळ्यांचं रक्त तपासायचं. काही घरांत वाईट कोलेस्टेरॉल जन्मापासूनच खूप असतं, खाण्यापिण्याचा फारसा संबंध नसतो. पुरुष चाळिशीच्या आसपास पटापट जातात. आधी कळलं तर औषध, पथ्य करून दिवस वाढवता येतात. आज त्यावर चांगल्या गोळ्या आहेत. तेव्हा त्या परदेशात कुठं नुकत्या येऊ लागल्या होत्या.

बाईचं नाव गुरदेव कौर. सगळे बीजी, म्हणजे आई, म्हणायचे. रोपडच्या पलीकडचं गाव, घरची शेती. थोरला मुलगा बलकार काचेच्या दारापलीकडं आमच्या युनिटमध्ये होता, अजून तिशीही गाठली नव्हती. त्याच्या टाचेमागची शीर दोरखंडासारखी जाड आणि गाठाळ झाली होती. त्या गाठी म्हणजे साठलेलं कोलेस्टेरॉल. ती टाच बघूनच मी फॉर्म घेऊन धावले होते.

“याचे वडील?”

“वावरातच पूरे झाले, गेले. उसाला पाणी देत होते. वय असंच, चाळिशीच्या आतलं.”

“दुसरा मुलगा?”

“दुबईला असतो,” बीजी म्हणाली आणि तोंड फिरवलं.

बलकार वाचला नाही. दुसरा अटॅक आला आणि आमच्या हातात काही राहिलं नाही. जाताना बीजीला मी एवढंच सांगितलं, “दुबईवाल्याला घेऊन या. मी त्याचं फक्त रक्त घेईन, बाकी काही विचारणार नाही.” ती पुढं चालू लागली. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी.

बलकारचं दिवसपाणी उरकल्यावर एका दुपारी ती दारात उभी. मागं सहा फुटी पोरगा, निळी पगडी, हातात लस्सीची बरणी.

“हा जगतार. दुबईहून आला.”

पोराच्या चपलांना गव्हाच्या वावरातली माती लागलेली. मी म्हटलं, “हो, दिसतंय, दुबईत पाऊस झालेला दिसतोय.” जगतार हसला. मग बीजीही हसली, ओढणीआड. बलकार गेल्यानंतर पहिल्यांदाच असेल बहुतेक.

मी तिला समजावून सांगितलं. बापाकडून मुलाकडं हा दोष येण्याची शक्यता निम्मी. छापा की काटा. थोरल्याचं काय झालं याचा धाकट्याशी संबंध नाही, प्रत्येकाचं नाणं वेगळं उडतं.

“मी दोनदा हरलेय,” बीजी म्हणाली.

तिच्या पायाखाली आणखी एक आग होती. जगतारचं लग्न जमत आलेलं अडलं होतं. मुलीच्या बापानं निरोप धाडला होता, त्या घरातले पुरुष चाळिशी बघत नाहीत, माझी पोर मी विधवा करायला देऊ का? त्यामुळं बीजीला रिपोर्ट हवा होता. शिक्क्याचा, पक्का.

आता आमची एक अट होती. रक्त सकाळी, उपाशीपोटी. वाईट कोलेस्टेरॉल तेव्हा थेट मोजत नव्हतो, बाकीच्या आकड्यांवरून हिशेबानं काढत होतो, आणि पोटात काही गेलं की तो हिशेब चुकायचा. एरवी साधी गोष्ट. पण दिवस असे की अंधार पडायच्या आत बसगाड्या बंद, सकाळी उशिरापर्यंत सुरू नाहीत. तरुण सरदार पोराला तर नाक्यानाक्यावर उतरवायचे. म्हणजे आदल्या दिवशी येऊन मुक्काम करणं आलं. दोघं इस्पितळाच्या सरायीत राहिले.

सकाळी मी रक्त घेतलं. ट्यूब थोडा वेळ ठेवली तर वरचं पाणी दुधासारखं पांढरं. पोटात काहीतरी गेलं होतं, शंकाच नाही.

“काय खाल्लंस?”

“कुछ नहीं जी.” मग जरा थांबून, “सरायीच्या दाराशी गुरुद्वाऱ्याचे सेवेवाले होते, दूध वाटत. बाबाजींनी गडवा पुढं केला. दूध होतं फक्त.”

“साखर घातलेलं?”

“हां जी. दोन गिलास.”

“अरे बाबा, उपाशी म्हणजे उपाशी! तुला सांगितलं होतं ना?”

“रोटी नको म्हणता येतं, मॅडमजी. सेवेतल्या म्हाताऱ्याला नाही कसं म्हणणार?” आणि बीजी त्याच्या बाजूनं मान हलवत होती. मी कपाळावर हात मारला.

आमचे बॉस डॉक्टर सेठी नियमाचे पक्के. “नॉन-फास्टिंग. रिजेक्ट. रिपीट कीजिए.”

“सर, टोटल कोलेस्टेरॉलवर दुधाचा फारसा परिणाम होत नाही. ते अगदी नॉर्मल आलंय.”

“फिर भी रिपीट. एकदा नॉर्मल म्हणून लिहून दिलं आणि चुकलं, तर त्या मुलीला कोण तोंड दाखवणार?”

त्यांचं बरोबर होतं. पण पुन्हा सरायीत ठेवलं तर पुन्हा बाबाजी. मी दोघांना सरळ सेक्टर एकोणचाळीसमधल्या आमच्या क्वार्टरवर नेलं. आमचे हे तिथल्या संस्थेत शास्त्रज्ञ. शेजारीण मला बाजूला घेऊन म्हणाली, “अनोळखी सरदार पोरगा घरात ठेवताय? आजकाल?” मी म्हटलं, “पोरगा घाबरलाय मला. तुम्ही नका घाबरू.”

आमच्या मुलीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. तिनं जगतारला पकडलं. “भैया, पगडी कैसे बांधते हैं?” त्यानं माझी एक जुनी सुती साडी मागून घेतली आणि तिच्या डोक्याला पगडी बांधून दिली. पोर घरभर मिरवली. जगतारनं आमचा खडखडणारा कूलर उघडून दुरुस्त केला. बीजी ओट्याशी माझ्या भाकरी बघत म्हणाली, “ऐनी पतली? जाट को तो दस लगेंगी.” जेवण झाल्यावर मी स्वयंपाकघराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. जगतार म्हणाला, “मॅडमजी, थाणेदार व्हायला हवं होतं तुम्ही.” सगळे हसलो. ती संध्याकाळ मला आजही आठवते आणि आजही जिवाला लागते.

दुसरं रक्त स्वच्छ आलं. सगळं नॉर्मल. टाचा मी पुन्हा दाबून बघितल्या, सेठी सरांनीही बघितल्या. गाठ नाही, काही नाही. जगतार सुटला होता. माझा जीव भांड्यात पडला. सर कागदावरच्या रिकाम्या चौकोनाकडं बघून म्हणाले, “अच्छा कंट्रोल है. वर्षातून एकदा फॉलो-अप ठेवा.” कंट्रोल म्हणजे त्याच घरातला निरोगी माणूस, ज्याच्याशी आजाऱ्यांची तुलना करायची.

बीजीनं रिपोर्ट कपाळाला लावला. “सच्ची दस्स, धीए, खरं सांग पोरी. हा म्हातारा होणार?”

“दाढी पांढरी होईपर्यंत जगेल,” मी म्हटलं. इस्पितळात असं वाक्य आम्ही सहसा बोलत नाही. मी बोलले.

लग्न झालं. बीजी डबाभर पिन्न्या घेऊन आली. पिन्नी म्हणजे आपल्या डिंकाच्या लाडवाची पंजाबी बहीण, साजूक तुपानं निथळणारी. हृदयविभागात वाटल्या! सेठी सरांनी दोन खाल्ल्या.

पुढच्या वर्षी फॉलो-अपच्या दिवशी बीजी एकटीच आली. पांढरी ओढणी. स्टुलावर बसली आणि बाही वर सरकवून हात पुढं केला.

“उपाशी आलेय,” म्हणाली. “तो आज यायचा होता. नाव लिहिलं होतं तुम्ही. म्हटलं, कुणीतरी जायला हवं.”

मला विचारायचं नव्हतं. विचारावं लागलं.

जगतार ट्यूबवेलची मोटर बंद करायला गेला होता. मोटरसायकलवर दोघं आले, गोळ्या घातल्या आणि गेले. कोण, कशासाठी, गावात कुणी विचारलं नाही. दोन्ही बाजूंनी सांगितलं, आम्ही नव्हे.

मी तिचा हात धरून बसले. सेठी सर आत आले, बघितलं आणि उभेच राहिले.

मग बीजीनं विचारलं. “धीए, रिपोर्ट गलत वी ते हो सकदी ए ना?” पोरी, रिपोर्ट चुकीचाही असू शकतो ना?

मला आधी कळेना.

“बायका म्हणतात, तुमच्या घरातले पुरुष तसेही जातातच. मला वाटतं, म्हणतात ते खरं असावं. त्याला बापाचंच दुखणं असेल. चार-सहा वर्षांनी जाणारच असेल. मशीन चुकत असेल ना कधी?”

दहा डॉक्टरांनी हो म्हटलं असतं, आणि मी त्यांना दोष दिला नसता. एकदाच तपासलं असतं तर मीही म्हटलं असतं, मशीन आहे, चुकतं कधी. पण दुसऱ्या वेळी कुलपाची किल्ली माझ्या कमरेला होती आणि बीजीनं ते डोळ्यांनी बघितलं होतं. खोटं तिला लगेच कळलं असतं, आणि मग पोराबद्दल खरं सांगणारं एक तरी माणूस तिला कुठं भेटणार होतं?

“नाही बीजी,” मी म्हटलं. “रिपोर्ट बरोबर होता. दोन्ही वेळा. त्याचं हृदय अगदी चांगलं होतं.”

तिनं वर सरकवलेली बाही खाली ओढली. “फेर तां मैं लुट्टी गई,” म्हणाली. म्हणजे, मग तर मी लुटले गेले. तेव्हा ती पहिल्यांदा रडली, आणि मीही रडले, सरांच्या देखत.

तिला चहा पाजला, पोळी खाऊ घातली आणि दुपारच्या बसमध्ये बसवून दिलं. परत आले तर कागद टेबलावर तसाच. मी जगतारच्या रिकाम्या चौकोनावरून तिरकी रेघ ओढली. मृत्यूचं कारण या रकान्यात आमच्याकडं दोनच शब्द होते, कार्डियाक आणि नॉन-कार्डियाक.

“नॉन-कार्डियाक लिखिए,” सर हळू आवाजात म्हणाले. “विश्लेषणातून वगळावा लागेल.”

वगळला. पुढं निष्कर्ष छापून आला, की ज्यांच्यात दोष उतरत नाही ती भावंडं चारचौघांइतकीच जगतात. शास्त्र म्हणून त्यात काही चूक नाही. धोक्याची कारणं आम्ही नीट विचारली होती. रक्तदाब, तंबाखू, दारू, वडील किती वर्षं जगले. वय आणि गाव तर फॉर्मच्या पहिल्याच ओळीत होतं. जगतारचा खरा धोका तिथंच लिहिलेला होता, पण गाव आम्ही फक्त टपालासाठी विचारत होतो.