डिस्पोजलची जीप आणि चाकणचा बैल

"वाजवा! पुन्यांदा वाजवा ती शीळ!"

बाई माझ्या जीपच्या बॉनेटवर थापा मारत ओरडत होती. बॉनेटपुढे एक म्हातारा पांढरा बैल मान खाली घालून उभा. लेझीम थांबलेलं, ताशा थांबलेला, चाकणची अख्खी बाजारपेठ चिडीचूप... आणि गळ्यात झेंडूचा हार घालून स्टिअरिंगवर बसलेला मी, ज्याची बोलती आजवर कुणाच्या बापाला बंद करता आली नव्हती, आ वासून नुसता बघत होतो.

आता नीट सांगतो. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. असणार कसा? दापोडीतल्या निम्म्या लोकांना रेल्वे पुलाखालच्या हडळीची भीती मीच घातलेली. आपण स्वतः घडवलेल्या मालाला आपण घाबरतो होय?

पंचावन्न-छप्पनच्या सुमाराची गोष्ट. पिंपरीच्या माळावर कारखाने नुकते कुठे उभे राहत होते. दापोडीला मुंबई-पुणे रस्त्याला लागून माझं गॅरेज. लष्कराच्या मोडीत काढलेल्या गाड्यांचा देहूरोडला लिलाव व्हायचा, त्याला आम्ही 'डिस्पोजल' म्हणायचो. तिथून ही जीप आणली. जीप कसली, खुराडं! सीटखाली कोंबडी अंडी उबवत बसली होती – एक नाही, आठ कोंबड्या... बरं, एकच होती, पण आठ जणींएवढी ओरडत होती. वर्षभर खपून गाडी उभी केली. हिरवा रंग दिला, बॉनेटवर पांढरा तारा काढला. माझ्यासारखे आणखी दोन वेडे होते. चिंचवडच्या एका वीटभट्टीवाल्याकडे लष्करी ट्रक आणि देहूरोडच्या हॉटेलवाल्याकडे साइडकारची फटफटी. पंधरा ऑगस्टला आम्हाला गावोगावच्या मिरवणुकीची बोलावणी यायची. लोक चाकांना हात लावून बघायचे, बायका बॉनेटला हळदकुंकू वाहायच्या. आमची छाती अशी फुगायची की शर्टाची बटणं मागून लावावी लागायची!

आणि मग हमखास प्रश्न यायचा – "कुठल्या लढाईतली हो?"

खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. आणि माझी स्वतःची लढाई खंडाळ्याच्या घाटापलीकडे गेलीच नव्हती. महायुद्धात मी खडकीच्या एका शेडमध्ये गाड्यांवर नंबर रंगवत होतो. पण ताऱ्यावाल्या जीपमध्ये बसून असं सांगणं शोभतं का? म्हणून मी सांगायचो – ब्रह्मदेश!

चाकणला मी पहिल्यांदाच गेलो होतो. झेंडावंदन झालं आणि कुणीतरी माझ्या हातात लाउडस्पीकरचा माईक दिला. माकडाच्या हाती कोलीत! मी जंगल उभं केलं, पूर आलेली नदी आणली, आणि शेजारच्या सीटवर एक जवान बसवला. "आपल्याच मुलखातला, शेतकऱ्याचा लेक! गाडी चिखलात रुतली की तो शीळ घालायचा, आणि ही जीप बैलासारखी उठायची! शेवटी गोळी लागली... माझ्या या मांडीवर गेला हो!" जवानाचं नाव सांगितलं नाही, कारण जवानच नव्हता. टाळ्या मात्र खऱ्या पडल्या. बायांनी डोळ्यांना पदर लावले, ते बघून मलाच हुंदका आला.

मग मिरवणूक निघाली. किल्ल्याच्या तटाजवळ, ऐन बाजारात, जीप खोकून बंद पडली.

"ओ ब्रह्मदेशवाले!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "शीळ घाला की! उठंल गाडी!"

हशा पिकला. मागून ट्रकमधून वीटभट्टीवाला बोंबलला, "राव, शीळ तरी घाल नाहीतर खाली उतरून ढकल! माझ्या इंजिनाची भट्टी झालीय!"

इथे एक सांगायला हवं. याच जीपच्या इंजिन फिरवायच्या हँडलनं उलटा फटका मारून माझे पुढचे दोन दात पाडले होते. शीळ घालायला गेलो की नुसता वारा. म्हटलं, फुस्स करू, लोक हसतील, तेवढ्यात गाडी चालू होईल. ओठांचा चंबू केला आणि फुंकलं...

शीळ निघाली. लांब, बारीक, मग दोनदा तुटलेली, आणि शेवटी विहिरीत पोहरा सोडावा तशी खाली खाली जाणारी. असली शीळ मी जन्मात ऐकली नव्हती, घालणं तर लांबच.

शेजारच्या बोळात एका सोडून ठेवलेल्या बैलगाडीला बांधलेला बैल दावं तोडून आला. गर्दी फाकली. मारतो की काय म्हणून मी पाय वर घेतले. पण तो वळला, जीपकडे पाठ केली आणि जू ठेवून घ्यायला वाकवतात तशी मान वाकवून उभा राहिला... उजव्या अंगाला. डावी बाजू त्यानं जोडीदारासाठी मोकळी सोडली होती.

त्याच्यामागून धावत आली ती ही बाई, अनसाबाई. जवळच्याच वाडीतली, तिशीची, कपाळावर ठसठशीत कुंकू. सोबत तिचा दीर.

"ह्यो आमचा बैल," दीर धापा टाकत म्हणाला. "दादानं खोंड आसताना शिकवलेला. ती शीळ दादाचीच. दादा लढाईवर गेला, सरकारनं बेपत्ता म्हून कळिवलं. तवापासनं ह्यो कुनाच्या शिळंवर उठला न्हाई."

बाईनं बॉनेटवरचे हात काढले. आवाज एकदम खाली आला.

"तुमच्या मांडीवर गेलं म्हनालात. त्येच का?"

मी सीटवर उभा राहिलो, हार काढून टाकला आणि ओरडलो, "सगळं खोटं! ब्रह्मदेश खोटा, नदी खोटी, जवान खोटा! मी खडकीत नंबर रंगवत होतो!"

हुर्यो उठली. "थापाड्या! उतरवा त्याला!" एक ढेकूळ कानाजवळून गेलं. हॉटेलवाला फटफटी वळवून आधीच पसार. लाज वाटली की कानांना चटका बसतो हे तेव्हा कळलं. पण बाई जागची हलली नाही.

"खोटं तर खोटं. शीळ घाला."

मी फुंकलं. फुस्स. पुन्हा फुंकलं, गाल दुखेपर्यंत फुंकलं... नुसता वारा. बैलानं कानसुद्धा हलवला नाही. दुसऱ्याची वस्तू दाबून बसलेल्या माणसाकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं, तुटलेलं दावं हाताला गुंडाळलं आणि बैल घेऊन गेली.

पुढे मी पुष्कळांना विचारलं. कुणी म्हणालं, कुठेतरी ऐकली असशील, मनात राहिली असेल. कुठे? आणि दात? कुणी म्हणालं, जीप खरंच ब्रह्मदेशातून आली असेल. असेलही. मला आजतागायत काही उमगलेलं नाही. जीप मी मिरवणुकीत नेतो, पण कुणी विचारलंच तर फक्त इंजिनाबद्दल बोलतो.

त्या मिरवणुकीनंतरच्या आठवड्यात मी जीप न घेता तिच्या वाडीवर गेलो होतो. ती गोठ्यात होती. कपाळ पांढरं, हातात बांगडी नाही. दीर दारातच माझ्यावर खेकसला, "आमी सांगून दमलो! आता तुमीच सांगा तिला!"

मी हात जोडले. "वहिनी, मी एक नंबरचा थापाड्या, सगळ्या दापोडीला विचारा. मालक कुठेतरी असतील तुमचे, येतील. माझ्या थापेवर कुंकू नका हो पुसू."

तिनं वैरणीची पेंढी सोडून बैलापुढे टाकली.

"तुमचं खोटं आसंल," ती म्हणाली. "बैलाचं न्हाई."