गल्लीत ताणा, माथ्यावर वळीव

पुण्याहून निघालो तेव्हा पहाटेचा गारवा होता. कुर्डुवाडी येईपर्यंत अंगावरचा कोटही नकोसा झाला. डब्यात शेजारी अक्कलकोटचे एक व्यापारी होते. चैत्रभर हवा कोरडी राहील असे वर्तमानपत्रात छापले होते, ते मी त्यांना वाचून दाखवले. ते नुसते हसले. सोलापुरात संक्रांतीच्या यात्रेत भाकणूक (वर्षाचे भाकीत) होते. उपाशी वासरापुढे धान्य ठेवायचे आणि ते कसे वागते त्यावरून पाऊसपाणी सांगायचे. यंदा वासरू बिथरले होते, तेव्हा वादळ येणारच, असे त्यांचे म्हणणे. मी आपला छापील हवेच्या बाजूने राहिलो.

माझी धाकटी बहीण गोदू सोलापुरात असते. मेहुणे शाळेत मास्तर आहेत. त्यांचे बिऱ्हाड तेलुगू विणकरांच्या गल्लीत आहे. रात्री कडक भाकरी आणि शेंगांची चटणी जेवलो. चटणीने कान गरम झाले आणि बाहेरची हवाही तशीच होती, त्यामुळे झोप अशी लागलीच नाही.

सकाळी दार उघडले तर गल्ली बंद! या टोकापासून त्या टोकापर्यंत लुगड्यांचा ताणा (उभे सूत) ताणलेला आणि समोरचे राजय्या कुंच्याने त्याला खळ लावत होते. याला इकडे पाजणी म्हणतात. ताणा पसरला की तो कुणी ओलांडायचा नाही. मला पानाच्या दुकानापर्यंत सगळ्या गल्लीला वळसा घालावा लागला.

गोदूने सांगितले की राजय्यांच्या लक्ष्मीचे लग्न वैशाखात आहे. या ताण्यातली आधीची लुगडी सूत देणाऱ्या पेठेतल्या व्यापाऱ्याची आणि शेवटचे लक्ष्मीचे. मुलीचे लग्नाचे लुगडे बापाने स्वतः विणायचे, हा त्यांच्या घरचा रिवाज. आभाळ कुंद होते म्हणून शेजाऱ्यांनी आपापली पाजणी पुढे ढकलली होती. राजय्यांना मात्र दम नव्हता. तिथी जवळ आली होती.

एरवी ऊन चढेतो ताणा वाळतो. त्या दिवशी दुपार झाली तरी तो ओलसरच. मग पश्चिमेकडून धुळीचा लोट उठला आणि हवा एकदम थंड पडली. मी राजय्यांना म्हटले, गुंडाळून आत घ्या. ते वैतागले.

"आत्ता गुंडाळला तर सूत सुताला चिकटतंय साहेब, आन् ठेवला तर खळ वाहून जातीय. कसं करू?"

कुंचा त्यांनी खाली टाकला होता.

उत्तर गल्लीने दिले. घराघरांतून बायका-माणसे चादरी घेऊन धावली आणि ताण्यावर धरून उभी राहिली. गोदूच्या कुरडया गच्चीवर वाळत होत्या. त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता ती धावली आणि शेवटच्या टोकाच्या चादरीचा एक कोपरा तिने माझ्या हातात दिला. थेंब आले, मागोमाग गारा आल्या. डोक्यावर टोपी होती तरी टाळूला मार बसला. वाऱ्याने आमची चादर एकदा हिसकलीच. दोघांनी ती पुन्हा ओढून धरली, पण तेवढ्यात टोक भिजले.

वळीव आला तसा गेला. ऊन पडले. ताणा वाचला होता, फक्त शेवटची हातभर खळ धुऊन गेली होती आणि तिथले सूत फुलारले होते. राजय्या त्यावरून बोट फिरवत राहिले. मला फार वाईट वाटले. हे टोक खोचायच्या बाजूला घेतो, आत झाकून जाईल, असे ते म्हणाले. तेव्हा लक्ष्मी, केसांतून पाणी गळत असताना, बापाशी तेलुगूत काहीतरी बोलली. राजय्यांनी मान खाली घातली.

काय म्हणाली, मी गोदूला विचारले. तिला आता ती भाषा कळते. गोदू डोळे पुसत होती.

"म्हणते, झाकू नका, पदराला घ्या. सगळी गल्ली भिजली हाय त्याच्यासाठी, ते काय आत खोचू?"

कुरडयांचा लगदा झाला, त्याबद्दल गोदू दोन दिवस माझ्यावरच चिडली. तिला कोणीतरी हवेच होते.

परतीच्या गाडीत मी वर्तमानपत्र घेतले नाही. घरी आल्यावर बायकोने विचारले, सोलापुरात उकाडा फार होता का? म्हटले, गारा पडल्या. तिला थट्टा वाटली. लग्नाचे आमंत्रण आले आहे. एरवी परक्यांच्या लग्नाला जायचा मला कंटाळा, पण या लग्नाला जाणार आहे. पदराचे ते टोक माझ्याच हाताखाली भिजले आहे.