टक वाजली की पहिल्यापासून

माझ्या नवऱ्याला मी सर म्हणते. आमची सारी नंदनवन वस्ती म्हणते, मग मी एकटीनं वेगळं काय म्हणायचं? देवराव रामटेके, वय अठ्ठावन्न, घराच्या पुढच्या खोलीत इंग्रजीचा क्लास. आमच्या लग्नाला बत्तीस वर्षं झाली आणि बत्तीसही वर्षं मी त्या डस्टरची टकटक ऐकत आले आहे. कधी कधी वाटतं, तो डस्टर उचलावा आणि गच्चीवरून भिरकावून द्यावा.

सर कधी कोणावर ओरडत नाहीत, हात उगारणं तर दूरच. विद्यार्थी बोलताना चुकला की ते लाकडी डस्टरची पाठ टेबलावर आपटतात. एकदाच, टक. काय चुकलं ते सांगत नाहीत. मुलानं आपलं आपण ओळखायचं आणि वाक्य पहिल्यापासून म्हणायचं. पुन्हा चुकलं, पुन्हा टक. एकेका वाक्याला दहा-दहा मिनिटं लागतात आणि आत स्वयंपाकघरात माझं डोकं पिकतं.

त्यांचा सगळा जीव मोडल व्हर्बांत. कॅन, कुड, मे, मस्ट, शुड, म्हणजे क्रियापदाच्या आधी बसणारे ते चिमुकले शब्द. भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवलेला तक्ता आहे. मोठ्या माणसाकडे परवानगी मागताना मे, ओळखीच्या माणसाला कॅन, अदबीनं विचारायचं तर कुड. मस्ट लाल रंगात, कारण तो जपून वापरायचा.

"माणसाची इज्जत या शब्दांत आहे," ते प्रत्येक बॅचला सांगतात. "दुसऱ्याले कसं मागावं ते ज्याले आलं, त्याले कोणी हसत नाही."

हे हसण्याचं प्रकरण जुनं आहे. सर काटोलकडच्या एका खेड्यातले. बारावीनंतर स्कॉलरशिपच्या फॉर्मला दाखला लागत होता, म्हणून ते एका कचेरीत गेले. कोणती कचेरी, ते कधी सांगत नाहीत. तिथला साहेब म्हणाला, कॉलेजात जातोस ना, मग इंग्रजीत माग. यांनी मागितला तर साहेब हसला, मागची रांगही हसली. दाखल्याविना घरी परतले आणि वर्ष वाया गेलं. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की मधूनच कुठूनही सांगू शकेन.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी मलाही शिकवायला घेतलं होतं. चौथ्या दिवशी मी पेन्सिल फेकली. "मले नाही शिकायचं तुमचं कुड-वुड," मी म्हटलं. "मी पोस्टात मराठीत काम करून राहिली, कोणी मले हाकलून नाही दिलं." ते डस्टर पुसत बसले. तो डस्टरही पुसायचा असतो, हे मला तेव्हा कळलं.

आणि खरी चीड कशाची येते सांगू? एवढं शिकवणाऱ्या या माणसाच्या तोंडून मी आजवर स्वतःचं असं एकही अख्खं इंग्रजी वाक्य ऐकलेलं नाही. पुस्तकातलं वाचतील, फळ्यावर लिहितील, पोरांच्या वह्या तपासतील. पण बँकेतली नवी मॅनेजर इंग्रजीत बोलायला लागली की सर मान हलवतात आणि मला कोपरानं पुढे ढकलतात. त्यांची मुलंही तशीच. पेपरात मार्क बघावे तर छप्पर फाडून, आणि समोर माणूस आला की तोंडाला कुलूप.

आमच्या पायलचं तसं होऊ नये, एवढंच माझं मागणं होतं. पायल आमची एकुलती एक, तेविसाव्या वर्षात आहे. सदर भागातल्या एका कंपनीत परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायची नोकरी निघाली. लेखी परीक्षेत ती पहिली आली. फक्त मुलाखत राहिली होती. आधी दोन ठिकाणी नकार मिळालेला, त्यामुळे पोरीनं जेवणखाण सोडल्यासारखं केलं होतं. ही नोकरी मिळाली नाही तर आता कुठे अर्जच करणार नाही, असं तिनं मला रडत रडत सांगितलं होतं.

सरांनी तिला चार महिने तयार केलं. सकाळी क्लासच्या आधी एक तास आणि संध्याकाळी क्लासनंतर एक तास. टक. टक. टक. मी म्हटलं, "अहो, तिले एकदा तरी पुरं बोलू द्या." तर म्हणाले, "चुकीचं पुरं बोलून काय करायचं?"

मुलाखतीच्या दिवशी आम्ही दोघं सदरला त्या ऑफिसच्या खाली उभे होतो. पायल अर्धा तास लागेल म्हटली होती, दहाव्या मिनिटाला खाली आली. चेहरा पाहूनच मला कळलं. घरी आल्यावर चपलाही न काढता पुढच्या खोलीत बाकावर बसली आणि बोलायला लागली.

"मॅडम चांगल्या होत्या, आई. पण त्यांच्या हातात पेन होता. ऐकता ऐकता टेबलावर वाजवायची सवय होती त्यांना. टक वाजलं की माझं वाक्य तुटून राहिलं होतं अन् मी पहिल्यापासून सुरू. वाक्य बरोबर आहे, हे मले समजून राहिलं होतं. तरी तोंड मागंच जाऊन राहिलं होतं. माय नेम इज पायल, हे मी पाच वेळा सांगितलं. पाच वेळा! शेवटी त्यांनी विचारलं, तू सारखी परत काहून सुरू करतेस? मी काय सांगू त्यांना?"

मला हसावं की रडावं कळेना. सर तक्त्याकडे बघत म्हणाले, "मंग कुठंतरी चुकलीच असशील."

माझा तोल गेला. "ती नाही चुकली! तुम्ही चुकले! पोरीले बोलायले शिकवा म्हटलं होतं, तुम्ही तिले थांबायले शिकवलं. सर्कशीतल्या जनावरावानी करून ठेवलं पोरीले, चाबूक वाजला की मागं फिर!" आणखीही बरंच बोलले. दाराबाहेर तेव्हा पाच वाजताची बॅच जमायला लागली होती, तरी मी आवाज खाली आणला नाही. सरांनी मुलांना त्या दिवशी परत पाठवलं. असं कधी झालं नव्हतं.

लेखीत पहिली आलेली म्हणून मॅडमनी तिला सोमवारी पुन्हा बोलावलं होतं. शेवटची संधी, असं स्पष्ट सांगून.

रविवारी दुपारी पायलनं सरांना टेबलाशी बसवलं आणि डस्टर त्यांच्या हातात दिला. "बाबा, आता वाजवा. चुकली तरी वाजवा, नाही चुकली तरी वाजवा. मी थांबणार नाही."

सर म्हणाले, "चूक नसताना कसा वाजवू?"

"वाजवा ना बाबा!"

त्यांनी वाजवला. ती अडखळली, मागे गेली. पुन्हा वाजवला, पुन्हा मागे. तिसऱ्यांदा ती डोळे मिटून तशीच पुढे रेटत गेली. पाचव्या-सहाव्या वाक्यानंतर तिनं डोळे उघडले. कुठे कॅनच्या जागी मे म्हणाली, कुठे कुड विसरली, सरांचं तोंड कडू होत होतं, पण पोरगी बोलत होती. आपलं गाव, आपलं कॉलेज, आपल्याला ही नोकरी का हवी, सगळं. पंधरा मिनिटं. डस्टरचा आवाज हळूहळू कमी झाला आणि मग बंदच पडला.

"आता तुम्ही," पायल म्हणाली. तिनं सरांना उठवलं आणि त्यांच्या खुर्चीत स्वतः बसली. "मी साहेब. तुम्ही बोला."

"मी काय बोलू?"

"काहीही बोला. इंग्रजीत."

सर टेबलासमोर उभे राहिले. "सर, मे आय..." म्हणाले आणि थांबले. त्यांचा उजवा हात मांडीवर होता. त्याच्या बोटांनी वाजवलं, टक. डस्टर टेबलावर पडला होता, तरी हात वाजवत होता. ते मागे गेले. "सर, मे आय..." पुन्हा टक. मी दारात पिठानं भरलेले हात घेऊन उभी होते. तिसऱ्यांदा तेच झालं आणि पायल हळूच म्हणाली, "बाबा, कोण वाजवून राहिलं?"

"तो कचेरीतला साहेब," सर म्हणाले. "पेपरवेटनं. तीनदा वाजवला त्यानं. म्हणे, पुन्हा म्हण, नीट म्हण. तिसऱ्या बारीनं मले बोलताच नाही आलं."

इतक्या वेळा ती गोष्ट सांगितली या माणसानं, आणि पेपरवेटचं एकदाही सांगितलं नाही. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. त्या साहेबाचा आला, यांचा आला, स्वतःचाही आला. मी तशीच पिठाच्या हातानं पुढे गेले आणि त्यांचा तो हात घट्ट धरला.

"बोला आता," मी म्हटलं. "तवा काय म्हणायचं होतं, तेच बोला."

बोटं माझ्या मुठीतही वाजवायला बघत होती. सरांनी समोर पायलकडे पाहिलं. मग मोठ्यानं, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, "आय वॉन्ट माय सर्टिफिकेट."

भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे हे वाक्य साफ चूक, ना त्यात मे, ना कुड. पायल खुर्चीतून उठली. "प्लीज सिट डाऊन, सर," ती म्हणाली आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

सर बसले. त्यांच्या मनगटाला माझं पीठ लागलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही.