गाबोळीच्या पुरचुंड्या

शांती नगरातल्या आमच्या बिल्डिंगमधले तळमजल्यावरचे काका रविवारी सकाळी जिन्याखाली बसून तळ्यावरच्या गळासाठी आमिष तयार करतात. मिठात मुरलेली गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, ते बोटांनी हळूहळू मोकळी करतात आणि मलमलीच्या तुकड्यांत हरभऱ्याएवढ्या पुरचुंड्या बांधतात. तोंडाने चालूच असतं, "आवळायची न्हाय, फुटंल. सैल बी न्हाय, पाण्यात जाईल."

शेजारी माझे बाबा बसतात. घरी माझ्याशी जेमतेम दोन वाक्यं बोलणारे बाबा तिथे खळखळून हसतात. आमच्या घरातून कॉलेजला जाणारा मी पहिलाच. कॉलेज सुरू झाल्यापासून ते मला पाहुण्यासारखं वागवतात.

गेल्या रविवारी मीही जाऊन बसलो.

"तू नको रे, हाताला वास लागेल," बाबा म्हणाले.

"लागू दे की! साबण हाय ना घरात?" काकांनी माझ्या तळहातावर गाबोळी ठेवली.

माझी पुरचुंडी सैल झाली, हे मलाही कळत होतं. तरी काका बाबांना म्हणाले, "पोराला जमतंय हां!" बाबा माझ्याकडे बघून कौतुकाने हसले. ते चप्पल घालायला वळताच काकांनी माझी पुरचुंडी गुपचूप सोडून नीट बांधली.

मी त्यांचे आभार मानायला हवे होते. पण बाबांचं ते हसूही त्यांनीच मला मिळवून दिलं होतं, आणि तेच मला सहन झालं नाही.