नवरदेवाच्या गाडीवरचा फ्लेक्स

आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. भाच्याचं लग्न हिंगोलीत, वऱ्हाड साखऱ्याहून निघणार आणि नवरदेवासाठी गाडी माझी. चालवणारही मीच. नवरा गेल्यावर मी गाडी शिकले, रोज तिच्यातूनच शाळेत शिकवायला जाते. ती बंद पडली की माझं सगळंच अडतं.

सजावटीच्या वेळी मात्र मला कुणी बोलावलं नाही. गाडीची पूजा भावजयीनं केली. बाहेर येऊन बघते तर नवरा-नवरीच्या फोटोचा भलामोठा फ्लेक्स, पुढची जाळी पार झाकून करकचून बांधलेला.

"अरे, इंजिनला हवा कुठून लागंल?" मी भावाला म्हणाले.

"अक्का, समदे असंच बांधतेत. चल, उशीर होऊन राहिला."

मे महिन्याचं ऊन. शेरवानीतल्या नवरदेवाला घाम नको म्हणून भावानं एसी फुल करायला लावला. अर्ध्या वाटेत गाडी जड झाली. पाय दाबून धरला तरी चढ चढेना, एसीतून कोमट हवा यायला लागली आणि इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. मी एसी बंद करून गाडी बाजूला घेतली.

"बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की असंच व्हतंय," मागं बसलेले चुलते म्हणाले.

मी खाली उतरले आणि फ्लेक्सच्या गाठीला हात घातला. तसे चुलते धावत आले.

"तू नको हात लावू! लग्न लागायचं हाय अजून. कुण्या सवाशिणीला येऊ दे."

मी भावाकडं बघितलं. तो खाली मान घालून मोबाइल चाळत बसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गाडी माझी चालते, डिझेल माझं चालतं, मी ड्रायव्हर म्हणून चालते, आणि हात चालत नाही? मी दोऱ्या तोडल्या, फ्लेक्स ओढून काढला आणि डिकीत कोंबला.

"या हातानं गाडी चालवू, का तुमी ढकलत नेता?"

इंजिन निवल्यावर सगळे आत बसले. आता जाळी मोकळी होती, गाडी हलकी पळत होती, एसी सुरू केला असता तरी काही बिघडलं नसतं.

मंडपापर्यंत मी एसी लावला नाही.