गायला निघालो, गाळ काढून आलो

सुधीरचा फोन आला तेव्हा मी डाळीचा कुकर लावून शिट्टीची वाट बघत होते. एरवी हा माणूस फोनवर आधी हवापाणी, मग राजकारण आणि शेवटी मुद्दा असा येतो. त्या दिवशी एवढंच म्हणाला, "कुंदा गेली." आणि मी विचारलं, "कुठं?"... कारण कुंदा सतत कुठं ना कुठं जातच असायची. आज ह्या गावात हळद, उद्या त्या गावात लग्न, सगळीकडे धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गायला तीच हवी. सुधीरनं पलीकडे नाक ओढलं, तेव्हा मला उमगलं. आजार वर्षभराचा होता, आम्हाला सगळं ठाऊक होतं, तरी तोंडातून निघालं ते "कुठं?" पुढे दिघाशीला, तिच्या माहेरी, तिचा नवरा भेटला, त्याला हे सांगितलं, तर तो डोळे पुसत म्हणाला, "मी पन नर्सला ह्येच इचारलं."

भिवंडीच्या आमच्या कॉलेजात गाणाऱ्यांचा एक छोटा गट होता. कुंदा दिघाशीहून एसटीनं यायची. तिनं कँटीनच्या दारातून हाक मारली की मैदानावरचे क्रिकेटवाले बॅट खाली ठेवायचे. सुधीर ढोलकीला, मी पेटीवर. चौथा अश्फाक. घराच्या भिंतीला भिंत लावून पॉवरलूमचा धडधडता कारखाना, त्यामुळे हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. गाताना मात्र इतका हळुवार व्हायचा की त्याला "अरे, ऐकू येऊ दे" म्हणावं लागे. आणि आमचे मराठीचे सर. परीक्षेला महिना होता, होळी नुकतीच झाली होती, रस्त्याकडेचा पळस पेटला होता, तेव्हा सरांच्या मनात आलं की आपण गावोगाव गात हिंडावं. घाई करायची नाही, एका दिवशी एकच गाव, संध्याकाळी देवळाच्या पारावर गाणं. मुलांनी शाळेत झोपावं, मुलींनी कुणाच्या तरी घरी. तालुक्यात गावोगाव नातेवाईक फक्त कुंदाचे, म्हणून मार्ग ठरवायचं काम आपोआप तिच्याकडे गेलं.

तिनं एक गोष्ट तेवढी सांगितली नव्हती. ती सांगितली पहिल्या गावाची, खारबावची, घरं दिसायला लागल्यावर. "घरी मी श्रमदानाचं शिबिर सांगितलंय," ती म्हणाली. "मामा इचारल तर तुमीबी तेच सांगा." मुलांबरोबर गाणी म्हणत हिंडणार असं म्हटलं असतं, तर तिच्या बाबांनी त्याच दिवशी कॉलेज बंद केलं असतं. तसंही बंद होण्याच्याच बेतात होतं; पुढच्या महिन्यात पाहुणे बघायला येणार होते. आम्ही मान डोलावली. एवढंसं खोटं बोलायला काय जातं?

जातं. मामा दारातच उभे होते, फावडी आणि घमेली ओळीनं लावून. "आली कं शिबिराची पोरां? बरा झाला. हिरीचा गाळ काढायचा हाय."

आम्ही सगळ्यांनी कुंदाकडे पाहिलं. कुंदा फार कुतूहलानं विहिरीत पाहत होती. अश्फाकनं त्याच्या मते हळू आवाजात विचारलं, "कुंदा, हम गाने आए हैं या कुआँ साफ करने?" ते अर्ध्या गावाला ऐकू गेलं. कुंदा म्हणाली, "दोन्ही."

गाळ काढला. संध्याकाळी पारावर बसलो, तेव्हा माझी बोटं पेटीवर उघडेनात, सुधीरच्या तळहातांना फोड आलेले, तो मनगटानं ढोलकी वाजवत होता. पण गाव लोटलं होतं. मामांना वाटलं, शिबिरात दमलेली पोरं जीव रमवायला गातायत. त्यांनी कौतुकानं पुढच्या गावच्या मावशीला निरोप धाडला, की शिबिर चांगलं हाय, गाळ बेस काढतात.

मग आमच्या आधी आमची कीर्ती पोचू लागली. मावशीनं उकिरडा उपसून घेतला. त्यापुढच्या गावात कुंदाच्या चुलत्यांनी गोठ्याची जमीन चोपायला लावली, आणि शेजारी येऊन विचारून गेले, की आमच्याकडं कवा? सर तेवढे मजेत होते. त्यांना सगळीकडे आंब्याखाली खाट मिळे, चहा मिळे, आणि 'शिबिरप्रमुख' म्हणून दोन शब्द बोलायची विनंती होई. पहिल्या गावात ते श्रमाच्या महतीवर चाचरत बोलले. तिसऱ्या गावात त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसलेला होता, आणि अश्फाकला ते घमेलं नीट धरायला शिकवत होते.

सरांचा हट्ट एकच होता, अकलोली. गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेकायचे. कुंदा नको म्हणत होती, तिथून दिघाशी लांब नाही. पण ज्या माणसानं कधी काही मागितलं नाही, त्याला नाही कसं म्हणायचं? भर दुपारी आम्ही कुंडाच्या कडेला पाय सोडून बसलो. इथं कुणी मामा नव्हता, मावशी नव्हती, फावडं नव्हतं. अश्फाक म्हणाला, "कुंदा, वो शादीवाला सुना ना, आत्यावाला." तिची आत्या लग्नांत धवले म्हणायची, आत्या आता नव्हती, पण तिची गाणी कुंदाला पाठ होती. कुंदानं सुरुवात केली आणि आजूबाजूचे अंघोळीवाले तांबे हातात धरून थांबले.

मध्येच सुधीरचा ठेका चुकला. कुंदा वळून खेकसली, "कुठं चाललास रं?" सुधीरनं नुसती हनुवटी वर केली. कुंडाच्या पलीकडच्या कडेला, गुडघ्यापर्यंत पाण्यात पाय सोडून, एक माणूस डोक्यावरचा टॉवेल बाजूला करत होता. कुंदाचे बाबा. नातेवाइकांकडून शिबिराची वाहवा ऐकून आपल्याही शेतावर बोलवावं म्हणून निघालेले, आणि वाटेत, सरांसारखेच, गुडघ्यांपायी थांबलेले.

कुंदानं गाणं तोडून पाय पाण्याबाहेर काढले.

"थांबलीस कशाला?" बाबा पलीकडून म्हणाले. "पुरा कर."

तिनं गाणं पुरं केलं. तिचा आवाज कापलेला मी तेवढा एकदाच ऐकला. बाबा उठून सरांपाशी आले. पँट गुडघ्यांवर दुमडलेले सर पाण्यातच उभे राहिले.

"ह्या श्रमदान हाय?"

"हे... संध्याकाळचं सांस्कृतिक सत्र," सर म्हणाले. ऊन डोक्यावर तळपत होतं.

बाबांनी टॉवेल पिळला, झटकला, खांद्यावर टाकला. मग कुंदाकडे न बघताच म्हणाले, "माझ्या भैनीचा गळा हाय. ती गेल्यापासून आयकला नव्हता." आणि आमच्याकडे वळून, "उद्या बांध घालायचा हाय. सगळी चला."

कुंदा रडत होती. रडता रडताच तिनं सौदा मांडला, "बांध घालतो. पन त्या पावन्यांना नगं म्हनून सांगा. मला शिकायचंय, आनी गायचंय."

"बांध किती लांब जातो त्या बघू," बाबा म्हणाले.

असा बांध दिघाशीत कुणी घातला नसेल. आम्ही माती ओढली, दगड रचले, ज्या सरांनी तीन गावांत काडी उचलली नव्हती ते धोतर मागून, कासोटा खोचून उतरले. सुधीर टेकला की अश्फाक ओरडायचा, "कुंदा की आज़ादी का सवाल है, मिट्टी डाल!" दिवस कलला तेव्हा बांध शेताच्या टोकाला भिडला होता. बाबा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले, आणि म्हणाले, "न्हाय सांगतो त्यांना." त्या संध्याकाळी त्यांच्या अंगणात आम्ही गायलो, आणि शिबिराचं नाव कुणी काढलं नाही. कुंदा बी.ए. झाली. लग्न उशिरा केलं, तिचे धवले ऐकून तिला विचारायला आलेल्या माणसाशी. त्यानंतर त्या पट्ट्यातलं लग्न तिच्या गळ्याशिवाय क्वचितच लागलं असेल.

गेल्या आठवड्यात आम्ही तिघं दिघाशीला गेलो. सर आता नाहीत. बाबा ओटीवर बसून असतात, ऐकायला कमी येतं. ते म्हणाले, "आल्याव तं कायतरी म्हना." मी पेटी उघडली आणि चूक केली, पट्टी वर धरली. सुरुवात नेहमी कुंदा करायची, अगदी खालून. "वर जायला जागा ठेवा रं," म्हणायची. आम्ही जागा ठेवली नव्हती. निम्म्यातच सुधीरचा आवाज फाटला, अश्फाकला ठसका लागला आणि आम्हाला, त्या घरात, त्या दिवसांत, हसू फुटलं. आवरेना. आतून बायका डोकावून गेल्या.

बाबा कानाला हात लावून बसले होते. "लई वर," ते म्हणाले. "खालून घ्या."

मी एक पट्टी खाली उतरले. त्यांनी मान हलवली, नाही. आणखी खाली. नाही. बोट सरकवत सरकवत मी पार उतरत गेले, आणि एका स्वराशी त्यांनी हात वर केला.

"हितनं," ते म्हणाले. "हितनं गायाची ती."