रंगपेटीवाले एमिल मास्तर

एमिल ब्लाऊ चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत आले ते महायुद्ध संपल्यावर. मूळचे जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरातले ज्यू नट. हिटलरच्या राज्यात छळछावणीत पडले, देश सोडायच्या अटीवर सुटले आणि बोटीने मुंबईला पोचले. तर युद्ध सुरू होताच इंग्रजांनी त्यांना जर्मन म्हणून डांबलं. त्यातून सुटल्यावर हा माणूस परळ-लालबागच्या कामगार नाटकमंडळींची रंगभूषा करू लागला. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

मास्तर एका जागी टिकत नसत. चहासुद्धा गॅलरीत फेऱ्या मारत प्यायचे. जिन्यावर बूट वाजले की कप ठेवून खाली डोकावायचे.

"मास्तर, बसा की घटकाभर," मंडळीतल्या सुंदराबाई म्हणत.

"बसला की डोकं पळते," मास्तर म्हणत.

मंडळीचा मुख्य नट बुधाजी. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचा. मास्तरांनी भूमिका करावी म्हणून त्याने कितीदा गळ घातली, मास्तर नाहीच म्हणत. एकदा तालमीनंतर त्याने सरळ विचारलं, "एवढे मोठे नट तुम्ही. मग का नाही?"

"नाटक चालू होतं," मास्तर हातातला ब्रश पुसत राहिले. "हिटलरची माणसं आली. मला स्टेजवरून ओढलं. माझे दोस्त बाजूलाच उभे. कोणी बोलला नाही. दारापर्यंत नेलं, तेव्हा मागून ऐकलं. माझी वाक्यं दुसरा म्हणत होता. मार विसरला मी, बुधाजी. ते नाही विसरत."

बुधाजीने पुन्हा विषय काढला नाही.

छप्पन्नचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून शहर पेटलं. गोळीबार झाले, संचारबंदी लागली. मास्तरांचं खाणंपिणं सुटलं. संचारबंदी उठली की चिंचपोकळीहून दादरपर्यंत चालत जात, तसेच परत येत. मुंबई सोडायची म्हणून बोटीची चौकशीही करून आले. "हा खेळ रंगवतो, मग जातो," त्यांनी सुंदराबाईंना सांगितलं.

खेळ लालबागला होता. गोळीबारात मुलगा गमावलेल्या गिरणी कामगाराची गोष्ट. दुसऱ्या अंकात पोलीस आले. खेळावर बंदी आहे म्हणत अधिकारी स्टेजवर चढला आणि त्याने बुधाजीचा दंड धरला. बाकीचे नट जागच्या जागी थिजले.

मास्तर विंगेत होते. रंगाने माखलेल्या हातांनीच ते बाहेर आले. बुधाजीला खेटून उभे राहिले.

"याला नेता, तर मला न्या."

"तुमचा काय संबंध? बाजूला व्हा," अधिकारी म्हणाला.

"मी या नाटकातला आहे."

तेव्हा सुंदराबाई पुढे आल्या. मग एकेक करत सगळे. प्रेक्षक उठून उभे राहिले. शेवटी पोलिसांनी अख्खी मंडळी गाडीत घातली.

कोठडीचं दार लागलं. मास्तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालू लागले. बुधाजी त्यांच्या शेजारून चालत राहिला. तो दमला की दुसरा कोणी उठे.

काही दिवसांनी ताकीद देऊन सगळ्यांना सोडलं. मास्तर गेले नाहीत. पुढच्या नाटकात त्यांनी गिरणीतल्या म्हाताऱ्या जॉबरची, म्हणजे मुकादमाची, भूमिका केली. आधी विंगेत ओकारी झाली. मग त्यांच्या उच्चारांना लोक हसले, आणि जरा वेळाने हसायचे थांबले.

"आता भीती गेली?" बुधाजीने विचारलं.

"नाही. उद्या खेळ किती वाजता?"

मुंबईसह महाराष्ट्र झाला तेव्हा परळला तालीम चालू होती. कोणीतरी पेढे घेऊन धावत आलं, सगळे गळ्यात गळे घालू लागले. मास्तरांनी डोळे पुसले, पेढा तोंडात टाकला आणि पुन्हा येरझारा सुरू केल्या. "चला, चला. दुसरा अंक अजून कच्चा आहे."